दोर किती लांब होता, ते आधी सांगा

साहसपट असो की साहसकादंबरी, मला सुरुवातीलाच हिशोब कळायला हवा. दोर किती लांब, पाणी किती दिवसांचं, अंतर किती, वेळ किती, आणि यातलं नेमकं काय कमी पडणार आहे. तो कळला की पुढं नायकानं नुसतं एक पाऊल टाकलं तरी खुर्चीचा हात घट्ट धरला जातो. तो नसेल तर शंभर तोफा उडवा, पडद्यावर फक्त धूर दिसतो. गेल्या काही वर्षांतले गाजलेले सिनेमे आणि आपल्या जुन्या साहसकादंबऱ्या या एकाच कसावर लावून बघतोय. पोस्ट मोठी आहे आणि कथेतले दुवे उघड केलेत. ‘मंजुम्मेल बॉईज’ आणि ‘तुंबाड’ ज्यांचे बघायचे राहिलेत त्यांनी आधी ते बघा, मग इकडे या.

सगळ्यात सोपं उदाहरण ‘टॉप गन: मॅव्हरिक’ (२०२२) चं. दरीतून जमिनीपासून १०० फुटांच्या आत उडायचं, वेग किमान ६६० नॉट, लक्ष्य गाठायला अडीच मिनिटं. उंच गेलात तर क्षेपणास्त्रं टिपणार, हळू गेलात तर शत्रूची विमानं गाठणार. काम झाल्यावर समोर उभा डोंगर, तिथं विमानाचं नाक एकदम वर घ्यायचं, म्हणजे अंगावर वजनाच्या कितीतरी पट भार आणि डोळ्यांपुढं अंधारी. हे सगळं आधी वर्गात बसवून सांगितलंय. मग सरावात एकेक वैमानिक चुकतो, कुणी वेळेला, कुणी उंचीला, कुणी त्या शेवटच्या चढाला. त्यामुळं खरी मोहीम सुरू होते तोवर मरण कुठं कुठं बसलंय हे प्रेक्षकाला पाठ झालेलं असतं. पटकथा शिकणाऱ्यांनी हा भाग हातात वही घेऊन बघावा.

पण या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता ‘मंजुम्मेल बॉईज’ (२०२४). २००६ मध्ये कोडाईकनालच्या गुणा गुहेत घडलेली खरी घटना. मित्रांच्या टोळीतला एक जण खोल कपारीत पडतो, बाकीचे त्याला वर काढतात. एवढीच गोष्ट. दिग्दर्शक चिदंबरम यांनी ती कशी बांधलीय बघा. ही पोरं गावात रस्सीखेच खेळणारी आहेत, हे सुरुवातीलाच दाखवून टाकलंय. तेव्हा ती नुसती मजा वाटते. शेवटी गुहेच्या तोंडाशी दोर ओढायची वेळ येते तेव्हा तोच खेळ, तोच पवित्रा, तोच एकमुखी आवाज कामाला येतो. पेरलेलं पीक असं काढायचं असतं.

आणि अडचणी एकावर एक कशा रचल्यात तेही बघा. आधी पोलीस ऐकूनच घेत नाहीत, उलट मारतात. मग कपारीत उतरायला कुणी तयार होत नाही. मग पाऊस. पावसाचं पाणी त्याच भोकातून खाली जायला लागतं, ते अडवायला पोरं स्वतःच आडवी पडतात. शेवटी मित्र खाली उतरतो, आणि आता एका दोरावर दोघांचं वजन. दोरकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल: खडकाच्या कडेवर दोर काटकोनात वळला की घर्षणामुळं वर ओढणाऱ्यांना प्रत्यक्ष वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लागू शकतो. शिवाय कडेवर दोर घासून तुटायची भीती वेगळीच, म्हणून बचाव पथकं कडेखाली जाड कापड किंवा रबर घालतात. सिनेमा हे तोंडानं सांगत बसत नाही. ओढणाऱ्यांचे पाय चिखलात सरकताना दाखवतो, आणि बघणाऱ्याच्या दंडाला कळ लागते. यात खलनायक नाही, तलवार नाही. तरीही अलीकडच्या दहा युद्धपटांपेक्षा यात जास्त साहस आहे असं माझं ठाम मत आहे.

‘ड्यून: पार्ट टू’ (२०२४) बद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण तिथं कादंबरी आणि सिनेमा दोन्ही समोर ठेवता येतात. फ्रँक हर्बर्ट यांची कादंबरी १९६५ ची. वाळवंटातल्या महाकाय किड्यावर स्वार होण्याची रीत त्यात एखाद्या कारागिरानं सांगावी तशी सांगितलीय. वाळूवर पाय एका लयीत पडले की किडा येतो, म्हणून पाय अडखळत, ओढत टाकायचे. त्याला मुद्दाम बोलवायचं असेल तर ठोके देणारं यंत्र वाळूत रोवायचं. तो शेजारून जाताना अंगावर चढायचं आणि आकड्यानं त्याच्या एका कड्याची कडा उचलून धरायची. आतल्या कोवळ्या अंगात वाळू जाऊ नये म्हणून किडा उघडी बाजू आपण होऊन वर फिरवतो, आणि तोवर वाळूत बुडी मारत नाही. त्याचं स्वतःचं दुखणं हाच लगाम. सिनेमात हे काही क्षणांत उरकतं. आवाज आणि धूळ इतकी जबरदस्त आहे की तिथं बसून तक्रार सुचत नाही, पण आकडा का लावला हे ज्याला माहीत आहे त्याला तो प्रसंग दुप्पट भावतो. म्हणून हे पुस्तक आधी वाचा, सिनेमा नंतर.

आता ‘तुंबाड’. २०१८ मध्ये आला तेव्हा लोकांनी त्याला पुरता न्याय दिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमामागं नारायण धारपांच्या भयकथांची प्रेरणा आहे, पण त्याचा सांगाडा शुद्ध साहसकथेचा आहे: खजिना, रखवालदार, आणि आत जायचे नियम. हा रखवालदार म्हणजे हस्तर, धान्याचा भुकेला. त्याच्यापुढं कणकेची बाहुली टाकायची, भोवती पिठाचं रिंगण आखायचं, आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. वेळ फार थोडा, म्हणून एका खेपेला मूठभरच मिळतात. सगळी गोष्ट या मापावर उभी आहे. शेवटी मुलगा सुचवतो की बाहुल्या जास्त नेऊ, आणि घात होतो तो नेमका इथं, कारण जितक्या बाहुल्या तितके हस्तर. नियम कुठंही मोडलेला नाही. माणसानं फक्त एका आकड्याच्या जागी दुसरा घातला. इतकी चोख बांधणी आपल्याकडं फार कमी दिसते.

कुणी म्हणेल, मग अतिशयोक्तीला जागाच नाही का? आहे की. ‘आरआरआर’ (२०२२) बघा. आपल्या सोलापूरला तेलुगू सिनेमा परका नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांमुळं ती या शहराची घरातली भाषा आहे, आणि मोठे तेलुगू सिनेमे इथं मूळ भाषेत बघणारे लोक आहेत. त्यातला पुलाचा प्रसंग आठवा. नदीत पेटत्या डब्यांमध्ये अडकलेला पोरगा, पुलावर एक घोडेस्वार, एक मोटरसायकलवाला, दोघांच्या मध्ये एकच दोर. एक या बाजूनं उडी घेतो, दुसरा त्या बाजूनं, आणि पुलाखाली दोघं लंबकासारखे एकमेकांकडं झुलत येतात. भिजवलेला झेंडा आगीपासून अंग वाचवायला. खऱ्या आयुष्यात हे जमणार नाही, पण कोण कुठं आहे, दोर कुठून कुठं गेलाय, आग कुठं आहे हे दिग्दर्शक राजामौलींनी इतकं स्वच्छ दाखवलंय की शंका घ्यायला मन तयारच होत नाही. उडी कितीही मोठी मारा, उडी मारायची जागा नीट दाखवा.

आणि इथंच आपले ऐतिहासिक सिनेमे मला दुखावतात. मनापासून दुखावतात, कारण आपल्या इतिहासाइतकी साहसाची सामग्री कुणाकडं नाही.

‘छावा’ (२०२५) घ्या. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ ची. सिनेमा बुऱ्हाणपूरच्या हल्ल्यानं सुरू होतो. विकी कौशलनं जीव ओतलाय, संगमेश्वरचा भाग अंगावर येतो, याबद्दल वाद नाही. पण बुऱ्हाणपूरचं खरं साहस काय होतं? १६८१ च्या जानेवारीअखेर मराठे मोगलांच्या श्रीमंत पेठेवर पडले, तीन दिवस लूट केली. लूट करणं निम्मं काम. ती लूट घेऊन परत येणं हे उरलेलं, आणि जास्त अवघड. औरंगाबादहून मोगल सरदार बहादूरखान निघालेला. लादलेली जनावरं मोकळ्या घोड्याच्या वेगानं चालत नाहीत. बुऱ्हाणपूर ते साल्हेर दोनशे किलोमीटरहून जास्त. खान वाट अडवायला फर्दापूरच्या बाजूनं सरकला आणि मराठे चोपड्याच्या वाटेनं साल्हेरला पोचले. नकाशावर दोन बोटं ठेवून बघा, केवढा थरार आहे यात! पडद्यावर मात्र डरकाळी, भाला, संथ गतीतली उडी. शत्रू किती, आपण किती, दरवाजा कुठं, बाहेर पडायची वाट कुठली, यातलं काही डोक्यात राहत नाही.

‘पावनखिंड’ (२०२२) त्यापेक्षा माझ्या जवळचा. दिग्पाल लांजेकरांना विषयाची ओढ आहे, अजय पूरकरांचा बाजीप्रभू खरा वाटतो, बांदलांच्या सेनेला तिचं मानाचं पान मिळालंय. तरीही चाल कमी पडते. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढाचा पाऊस, पन्हाळ्याचा वेढा, आणि विशाळगडापर्यंत साठेक किलोमीटर. आज दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करणारे ट्रेकर बूट, विजेरी आणि तयार जेवण असतानाही दोन दिवस घेतात. मावळ्यांनी ते एका रात्रीत आणि दिवसात केलं, तेही पालखी खांद्यावर घेऊन, मागं सिद्दी मसूद असताना. भोई खांदा किती वेळानं बदलत होते? लाल चिखलात पालखीचा तोल कसा सांभाळत होते? ओढ्याला पाणी चढलं तर उतार कुठं शोधायचा? हे पाऊण तास दाखवा. मग खिंडीत उभा राहणारा माणूस आधीच रात्रभर धावून आलाय हे प्रेक्षकाच्या पोटऱ्यांना कळेल. तोफांच्या आवाजापर्यंत थांबायचं म्हणजे काय, हेही तेव्हाच कळेल.

कादंबऱ्यांकडं वळतो. हिशोबाच्या बाबतीत ज्यूल व्हर्नसारखा गुरू नाही. ऐंशी दिवसांत जगाला फेरी: पैज २०,००० पौंडांची, निघायची वेळ २ ऑक्टोबर १८७२, रात्री पावणेनऊ. शेवटची कलाटणी तर निव्वळ गणित आहे. पूर्वेकडं जाताना दर रेखांशाला चार मिनिटं दिवस लहान होतो. ३६० रेखांश गुणिले ४ म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे बरोबर २४ तास. एक दिवस हातात उरतो आणि तो वाचकाच्या डोळ्यांसमोर उरलेला असतो, कुणाचं लक्ष नसतं एवढंच.

व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला भा. रा. भागवतांनी, आणि त्याच हातानं त्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे घडवला. फास्टर फेणे काटकुळा आहे, त्याच्याकडं सायकल आहे, पैसे नाहीत. ताकद नसल्यामुळं प्रत्येक वेळी त्याला डोकं आणि वेग वापरावा लागतो, आणि ‘ट्टॉक’ ऐकलं की पोरांना कळतं, काहीतरी सुचलं. २०१७ च्या सिनेमात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला. अमेय वाघ चांगला, गिरीश कुलकर्णींचा खलनायक त्याहून चांगला, परीक्षेतल्या घोटाळ्याचा विषयही पटणारा. पण नायक मोठा झाला की त्याची अडचण लहान होते. शाळकरी पोराला रात्री बाहेर राहायचीही चोरी असते. मोठ्या माणसाला ती नसते. ‘मुंज्या’ (२०२४) चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचाच हा सिनेमा. त्यांनी शाळकरी फास्टर फेणे घेऊन पुन्हा प्रयत्न करावा असं फार वाटतं.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड. वेग अफाट, पण वेषांतरानं सुटत नाही अशी अडचण त्यात क्वचितच, म्हणून पुन्हा वाचताना धाप लागत नाही. सुहास शिरवळकरांची मांडणी त्यामानानं घट्ट. हे सगळं साहित्य रोजच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांवर जगलं. ती मिटली तशी नवीन साहसकादंबरीही आटली.

एक आग्रह आपल्या भागासाठी. साहस म्हटलं की सगळे सह्याद्रीकडं धावतात. सोलापूरपासून हैदराबादच्या रस्त्यानं पंचेचाळीसेक किलोमीटरवर नळदुर्ग आहे. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेला बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली की नर आणि मादी या दोन वाटांनी पाणी कोसळतं आणि आतला महाल कोरडा राहतो. फिलिप मेडोज टेलर १८५० च्या दशकात इथं अधिकारी होता. त्यानं पुढं १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. म्हणजे एका परक्या माणसाला या माळरानात कादंबरी दिसली होती.

आता हिशोब मांडून बघा. बंधाऱ्याच्या एका टोकाला नळदुर्ग, दुसऱ्या टोकाला त्याचा जोडकिल्ला रणमंडळ. मध्ये जायला वाट बंधाऱ्याचीच. वर पाऊस झालाय, नदी चढतेय. तोंडासमोर पाण्याचा पडदा पडला की बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. पाणीमहालात दोन माणसं आहेत, आणि पलीकडं रणमंडळात तिसरा त्यांची वाट बघतोय.