दार कुठी गेलं बाप्पा?

आमच्या घराचं पुढचं दार 1984 सालच्या उन्हाळ्यात एका रात्री बंडीत निजून निघून गेलं. मी त्याच्यावरच बसलो होतो, त्यामुळे माझी साक्ष पक्की धरायला हरकत नाही.

वय वर्षं सात. आजोबांनी, आमच्या आबाजींनी, झोपेतून उठवलं, हातात कंदील दिला आणि उचलून बंडीत ठेवलं. खाली गवत असेल असं वाटलं होतं, तर कडी टोचली. बघतो तो दार. दोन कवाडांचं, सागवानी, आमचंच. उजव्या कवाडावर मी खडूनं हत्ती काढला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता, तो हत्ती उताणा पडून आभाळाकडे बघत होता. पुढे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, बैल हाकत होते, मागून आबाजी पायी. कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. शकुंतला रेल्वेच्या टेसनापर्यंत मला आठवतं. पुढे डोळा लागला, तो उघडला घरी, सपरीतल्या बाजेवर. दाराच्या जागी सकाळ होती.

पुढे महिनाभर तिथे बांबूचा तट्टा लटकत होता. गावातली कुत्री हक्कानं माजघरापर्यंत येऊन जात. आबाजी रात्री उंबरठ्याला लावून बाज टाकत आणि आडवे होत, म्हणजे घराला दार नव्हतं असंही म्हणता येणार नाही. मग एक दिवस वाढई आला, त्यानं बाभळीचं दार बसवलं, आजीनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि विषय संपला. संपला म्हणजे असा की सुरूच झाला नाही. मी एकदा विचारलं होतं. आईनं हातात गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मोठ्या आईनं पाठीत धपाटा घातला. तिसऱ्यांदा काय मिळेल याचा अंदाज येत नव्हता, म्हणून गप्प बसलो.

2001 साली मी अमेरिकेत गेलो. मिशिगनमध्ये घर आहे, घराला गॅरेज आहे आणि गॅरेजचं दार बटण दाबलं की कर्र आवाज करत वर जातं. थंडीत रोज संध्याकाळी ते वर जाताना बघायचं आणि मनात यायचं, आमचं कुठे गेलं असेल? मध्ये दोन-तीनदा भारतात आलो, पण पुण्यात सासुरवाडी आणि नागपुरात लग्नं, यातच रजा संपे. आबाजी 2006 साली गेले, तेव्हा व्हिसाच्या भानगडीत अडकलो होतो. तेरवीचे फोटो तेवढे पाहिले. शेवटी 2024 च्या मेमध्ये ठरवलं की या खेपेला नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वात कडक नऊ दिवसांत, गावी जायचं आणि दाराचा छडा लावायचा.

"नवतप्यात? यवतमाळ जिल्ह्यात? दाराची चौकशी करायला?" बायको म्हणाली. ती पुण्याची आहे. तिनं मुलांना घेतलं आणि माहेरी पंख्याखाली बसली. मी एकटा नागपूरला उतरलो.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा. त्यातले माझ्या वाट्याचे दीडेकशे किलोमीटर गाडी 120 च्या वेगानं आली. खाली उतरल्यावर गावापर्यंतच्या शेवटच्या पट्ट्याला जवळपास तेवढाच वेळ लागला. म्हणजे विदर्भ आपल्या जागेवर होता. वाटेत शकुंतलेचे रूळ आडवे आले, गवतात बुडालेले. ही मूर्तिजापूर–यवतमाळ 113 किलोमीटरची नॅरोगेज. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं 1951 साली, पण ही पोरगी इंग्रज कंपनीच्या नावावर तशीच राहून गेली. का, असं कोणी विचारलं तर बहुधा त्याच्याही हातात गुळाचा खडा ठेवला असणार. माझ्या लहानपणी हिला वाफेचं इंजिन होतं, ते 1994 पर्यंत टिकलं. गाडी सुटल्यावर घरी विसरलेला डबा आणायला जाऊन परत ती गाठणारे लोक मी पाहिलेत. आता गाडी बंद आहे, त्यामुळे कोणाचीच चुकत नाही.

मोठेबाबा 82 वर्षांचे. कूलरसमोर बाजेवर बसले होते. पाया पडलो. "कवा निंघाला, जेवला काय, लेकरं काहून नाई आणले" झालं. मग त्यांनी विचारलं, "कार्ड भेटलं काय?" ग्रीन कार्डाची खबर गावात सगळ्यांना असते. मी समजावून सांगितलं की एका देशाच्या लोकांना एकूण कार्डांपैकी 7 टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, आपली माणसं लाखांनी रांगेत, म्हणून अर्ज करून बसायचं आणि वाट बघायची. ते नीट ऐकून घेत म्हणाले, "म्हंजे चुकाराच झाला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच द्यायचा आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा. ग्रीन कार्डाची इतकी नेमकी व्याख्या मला तेवीस वर्षांत एकाही वकिलानं सांगितली नव्हती, आणि ते तर तासावर पैसे घेतात.

वातावरण चांगलं दिसलं म्हणून मी विचारलं, "मोठेबाबा, ते दार कुठे नेलं होतं आपण? रात्री, बंडीत?"

मोठेबाबा खाकरले. मग आढ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रंगवाले नेलं होतं."

"रात्री?"

"दिवसा ऊन नोयतं काय?"

"मग परत का नाही आणलं?"

"रंग पसंत नाई पडला."

तेवढ्यात मोठ्या आईनं चहा आणला आणि मी चूक केली. म्हणालो, "मला बिनसाखरेचा."

डॉक्टरनं सांगितलंय, जरा जपा, एवढंच. पण आमच्याकडे बिनसाखरेचा चहा हा चहाचा प्रकार नाही, ती खबर आहे. दुपारी चारपर्यंत शेजारी कळलं की मला शुगर झाली. पाचला चावडीपाशी किडनीवर गेली होती. सहाला पानठेल्यावर माझी नोकरी सुटली. आणि सात वाजता, नोकरी सुटलेला, किडनी गेलेला माणूस नवतप्यात येऊन घराच्या दाराची चौकशी का करतो, याचा उलगडा गावाला झाला: हिस्सा मागायला आला.

रात्री जेवताना पाटोड्यांचा रस्सा वाढता वाढता मोठी आई म्हणाली, "सातबाऱ्यावर नाव हाय बापू तुह्य. कोणी काढलं नाई."

"मला हिस्सा नको आहे, मोठी आई. मला फक्त दाराचं कळायला हवं."

मोठेबाबांचा घास थांबला. "म्हंजे दारातला हिस्सा?"

दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून निघालो. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा. खिशात कांदा असला की लू लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण लू लागल्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. भाऊ वाटेत म्हणाला, "मी तं ऐकलं का सावकाराले देल्लं. त्या साली चुकारा आला नोयता." कोणाकडून ऐकलं, तर म्हणाला, "मनात आलं तसं." संध्याकाळी खिशातला कांदा काढला तेव्हा तो कढीत टाकण्याजोगा झाला होता.

पहिलं घर जुन्या वाढयाचं. त्यानं कानाशी येऊन सांगितलं की सागवान बिनशिक्क्याचं होतं, जंगलखात्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून दार पळवलं. पटण्यासारखं होतं. मग मी चौकटीचं विचारलं. चौकटही त्याच लाकडाची होती, ती भिंतीतच राहिली. म्हातारा विचारात पडला आणि म्हणाला, "चौकट चोरीची नोयती. दारच चोरीचं होतं." पुढच्या घरी नव्वदीची एक म्हातारी होती. ती म्हणाली, "त्या घराले दार होतं कधी? कोणाले अडवाचं होतं?" आणि पोहे पुढे केले.

पोह्यांबद्दल एक शब्द. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी, मी पोहे खाऊन आलोय हे फोनवर आधीच पोचल्यामुळे, शिरा आणि पोहे. "थोडेसे" हा शब्द तोंडून गेला की ताटलीत आणखी दोन पळ्या पडतात. वर सांबार पेरलेला. (पुण्याच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती इडली शोधत होती.) माझ्या पाण्याच्या बाटलीकडे सगळे दुखवट्याला आल्यासारखे बघत. "तुह्या आबाजीनं याच इहिरीचं पाणी पेलं, 91 वर्षं जगला," तिसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या. मी प्यालो. त्या रात्रीचं वर्णन करत नाही.

आत्याचं गाव बारा किलोमीटरवर. तिच्याकडून मला फार आशा होती, कारण आत्या काही झाकून ठेवत नाही. असलेलं सांगून संपलं की नसलेलंही सांगते.

"माह्यासाठीच गेलं ते दार," ती पहिल्याच वाक्यात म्हणाली. मी सरसावून बसलो. "माह्या सासरच्या न्हाणीले दार नोयतं. लुगडं लावत होते. मी म्हटलं, दार लागल्याबिगर मी नांदत नाई. येऊन बसली माहेरी. मंग बाबानं रातोरात घरचंच दार काढलं, गाडीत घातलं, न् इथं आणून लावलं."

"रात्री का?"

"लोकायनं इचारलं असतं, दार कुठी चाललं."

इतकं सुसंगत उत्तर मला दोन दिवसांत मिळालं नव्हतं. अंगावर काटा आला. म्हणालो, "आत्या, दाखव ना ते दार."

"उधईनं खाल्लं."

"सागवानाला उधई लागते?"

"इथली उधई लय खराब हाय बापू."

कोपऱ्यातल्या बाजेवरून मामाजींनी तोंडावरचा पंचा बाजूला केला. "न्हाणीचं दार मी बसवलं. टिनाचं. आजबी तेच हाय."

"तुम्ही झोपा," आत्या म्हणाली. ते झोपले.

परत निघताना आत्याही मागे लागून आली, कारण मी आणखी कोणाचं ऐकून काहीतरी भलतंच डोक्यात घेईन अशी तिला भीती होती.

माझ्या मुक्कामाची शेवटची रात्र. लाईन गेली होती. कूलर मुका झाल्यामुळे सगळे सपरीत आले, आणि मोबाइलच्या उजेडात घामेजलेले चेहरे तेवढे दिसत होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मोठी आई म्हणाली, "तू लय इचारलं. आता आमी एक इचारू?"

ती उठली, कोठीच्या खोलीत गेली, काहीतरी खुडबुड केली आणि प्लॅस्टिकची एक पिशवी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. आत चप्पल होती. एक. उजव्या पायाची, टायरच्या तळाची, वाळून कोकमासारखी झालेली.

"तू अमेरिकेले निंघाला त्या दिशी यष्टीत बसला होता. मंग उतरला न् पयत घरी आला. आबाजीची डावी चप्पल उचलली, झोऱ्यात टाकली, न् गेला. काहून?"

मी पळत आलो होतो, हे मला आठवतं. पासपोर्ट विसरला असं वाटलं म्हणून. तो खिशातच निघाला, हेही आठवतं. चप्पल आठवत नाही. काहीच नाही. मिशिगनमध्ये तीन घरं बदलली, खोके भरले, फोडले. चप्पल कधी हाताला लागलेली आठवत नाही.

"मी म्हनतो, घाईत पासपोर्ट समजून नेली," मोठेबाबा म्हणाले.

"नजर लागू नाई म्हणून नेली," आत्या म्हणाली. "ट्रकले नाई बांधत?"

"बाबा काय म्हनत ते सांगा ना त्याले," मोठी आई म्हणाली. कोणी सांगितलं नाही, म्हणून मग तिनंच सांगितलं. "बाबा म्हनत, पोट्ट्यानं माप नेलं. बूट धाडते. पुऱ्या गावाले सांगत. ही उजवी फेकू नाई देल्ली, म्हनत बूट आले का जुळवून पाहू. पोस्टमन आला का सपरीत येऊन बसत."

2001 ते 2006. मी हिशेब केला. हिशेब मला चटकन जमतो, त्याचेच पैसे मिळतात.

"मंग?" आत्या म्हणाली.

मी खाकरलो. वर बघितलं. आढ्याला कोळिष्टकं होती, एक जुना दोर लोंबत होता. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिलो.

"धाडले होते," मी म्हणालो. "भेटले नाईत काय?"

मोठ्या आईनं मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबाही आता आढ्याकडेच बघत होते. बघता बघता म्हणाले, "कस्टमात अडकले असन. मुंबईले. तिथं लय अडवते."

"हाव," मी म्हणालो.

लाईन आली. कूलर घरघरला.

सकाळी स्टॅंडवर गाडीची वाट बघत होतो. पानठेलेवाला आतून वाकून म्हणाला, "काय दादा, आबाजीचे बूट म्हणे मुंबईच्या कस्टमनं ठेवून घेतले?"

"हाव ना."

"काळे होते म्हणे."

"तपकिरी," मी म्हणालो.