जोमदार आईबाप आणि जोमदार संकर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मक्याच्या संकरित वाणासाठी जनक ओळी, म्हणजे ज्यांचा संकर करायचा ते शुद्ध वंश, कशा निवडतात, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘जोमदार आईबाप घेतले की संकर जोमदार निघतोच, बाकी सगळे पुस्तकी पाल्हाळ.’ ‘पुस्तकी पाल्हाळ’ हे शब्द गाळूनही मुद्दा मला कळला असता. शंका विचारायची आहे की खिजवायचे आहे, हे आधी ठरवलेत तर दोघांचाही वेळ वाचेल.

सहा-सात पिढ्या स्वपरागीभवन केलेली, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरायला लावलेली ओळ मुळातच खुरटते. त्यातल्या त्यात जी उंच, देखणी दिसते तीच उत्तम जनक ठरते असे नाही, कारण संकराचा जोम दोन ओळींमधल्या जनुकीय अंतरातून येतो आणि दोन्ही देखण्या ओळी एकाच कुळातल्या निघाल्या तर हाती फारसे काही लागत नाही. अमेरिकेतली बी ७३ ही ओळ आयोवाच्या स्टिफ स्टॉक गटातली, एमओ १७ लँकेस्टर गटाकडची; त्यांचा संकर गाजला तो ही कुळे एकमेकांना पूरक ठरली म्हणून. शिवाय १०० ओळींच्या, नर-मादी अदलाबदल करून होणारे उलट संकर सोडूनही, ४,९५० जोड्या होतात. म्हणून आधी प्रत्येक ओळीचा टेस्टरशी, म्हणजे सगळ्यांसाठी ठरवलेल्या एकाच जोडीदाराशी, संकर करून सामान्य संयोग क्षमता (ओळ एकूण संकरांत सरासरी कशी उतरते) पाहतात आणि उरलेल्या मोजक्या ओळींची विशिष्ट क्षमता (ठरावीक जोडीत ती कशी उतरते) नंतर तपासतात. स्प्रेग आणि टेटम यांनी १९४२ साली हा भेद मांडला, तो मक्याच्याच संकरांवरून. याला पुस्तकी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

माझी उमेदीची वर्षे बीजोत्पादनाच्या शेतात गेली आहेत. मादी, म्हणजे ज्यांवर बियाणे धरते त्या, ओळींच्या कणसांचे केस बाहेर येऊन वाळायला लागले आणि नराचा तुरा अजून पोंग्यातच, असा प्लॉट मी पाहिला आहे. पराग वेळेवर न मिळाल्याने कणसे सोलली तर दाणे इकडे चार, तिकडे दोन. तो नर दिसायला देखणा होता. आपल्या निकषावर तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला असता.

मादी ओळ स्वतः बऱ्यापैकी पिकणारी हवी, नाहीतर एकेरी संकराचे, म्हणजे दोनच ओळींच्या थेट संकराचे, बियाणे महाग पडते, एवढे आपले म्हणणे मान्य. बीजोत्पादनाच्या शेतात मादी आणि नर यांच्या पेरणीच्या रांगांचे प्रमाण सगळीकडे ४:२ नसते, हेही मान्य. कंपन्यांविषयी आणि माझ्या शिक्षणाविषयी आपण जे लिहिले आहे, त्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा कोणत्या दोन ओळींचा संकर आपण स्वतः केला आहे, तेवढे मात्र कळवा.