एफ-वन दाबा म्हणे!

पुतणीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. सकाळी आंघोळ उरकून कॉम्प्युटर सुरू केला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी फर्मान: कीबोर्ड सापडत नाही, पुढं जायचं तर एफ-वन दाबा.

"मग दाबा की," बायको म्हणाली.

"कशानं?"

तिनं कीबोर्डकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

मी दाबत राहिलो. मशीन बंद करून चालू केलं की कीबोर्डवरचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकायचे. म्हणजे करंट येत होता. दाद तेवढी लागत नव्हती. एखादं बटण रुतून बसलं तरी मशीन अडतं, हे ऐकून होतो. म्हणून कीबोर्ड पेपरावर पालथा धरून पाठीवर थोपटला, तान्ह्या पोराची ढेकर काढतात तसा. मूठभर चिरमुऱ्यांचा चुरा पडला, शेव पडली, स्टेपलरची पिन पडली. आणि स्पेसबारखालून आमच्या बेळगावच्या गोड कुंद्याचा दगड झालेला एक तुकडा. डॉक्टरांनी माझा कुंदा बंद केल्याला दोन वर्षं झाली आहेत. बायको नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली. काही बोलली नाही. त्यापेक्षा बोललेलं परवडतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "नाळे बर्री सर!" उद्या या. शेवटी पुण्याच्या भाच्याला गाठलं.

"मामा, वायर कुठं लावलीय?"

"पुढच्या निळ्या भोकात. नवीन, फास्ट असतं म्हणून."

तो हसला. निळं म्हणजे यूएसबी 3.0. आमच्या जुन्या मशीनमध्ये ते विंडोज सुरू झाल्यावरच जागं होतं. त्याआधी कारभार बायोसचा, म्हणजे मशीनला उठवणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा, आणि बायोसच्या लेखी तिथं कुणी राहतच नाही. एका हद्दीत चालणारा कागद दुसऱ्या हद्दीत चालत नाही, हे बेळगावात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

"मग काल कसं चाललं?"

"काल बायोसनं थांबवलंच नसेल. आतली बॅटरी संपली असणार, नाण्याएवढी असते ती. ती संपली की बायोस आपली सेटिंग आणि तारीख विसरतं. मागच्या काळ्या भोकात लावा आणि तारीख बघा."

टेबलाखाली शिरलो. तोंडात टॉर्च, डोक्याला जळमटं. मागं एक जांभळं गोल भोकही दिसलं, जुन्या कीबोर्डांचं. त्यात हल्लीचं काही बसत नाही. काळ्यात वायर खुपसली, मशीन परत चालू केलं, एफ-वन दाबलं आणि गाडी पुढं सरकली.

तारीख होती 1 जानेवारी 2010. म्हणजे फॉर्मच्या मुदतीला अजून दीड दशक बाकी! बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं ते 1 नोव्हेंबर 2014 ला. आमच्या मशीनमध्ये बेळगाव अजून बेळगावच होतं. मला बदलवेना. पण फॉर्मची साइट उघडेना, तुमचं घड्याळ मागं आहे म्हणाली. खडेबाजारातल्या घड्याळवाल्याकडून सीआर 2032 आणली, 3 व्होल्टची. मशीनचं पोट उघडून बसवली, तारीख आजची केली.

साडेअकराला फॉर्म भरायला बसलो. जिल्ह्याच्या रकान्यात ‘बेळगाव’ लिहिलं. रकाना लाल झाला. खाली यादी उघडली आणि तीत एकच नाव होतं.