पाचवं रहस्य

आज २ नोव्हेंबर, गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. संध्याकाळी आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय.

तिच्याबद्दल सगळे म्हणतात, "भोळी होती हो, जुन्या माणसांची श्रद्धाच तशी." मला हे पटत नाही. आजी भोळी नव्हती.

आम्ही वसईचे सामवेदी ख्रिस्ती. आजी लाल लुगड्यातली, अक्षरओळख नसलेली. पहाटेच्या लोकलने भाजीच्या पाट्या मुंबईला नेऊन तिने पाच लेकरं वाढवली. सहावं पाळण्यातच गेलं. त्याचं नाव ती रोज घ्यायची, आम्हा नातवंडांच्या नावांच्याही आधी.

तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. सगळी उत्तरं तिने नुसत्या कानांनी पाठ केली होती. साठच्या दशकात रोमला धर्मगुरूंची मोठी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा ती पस्तिशीच्या आसपास होती. ती सांगायची, "तोवर देवाला सगळं कळत होतं, आता मलाही कळायला लागलं." हे सांगताना दरवेळी तिचे डोळे भरून यायचे. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, प्रकाशाची रहस्यं घातली. रहस्यं म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, त्यांचं मनन करत मणी ओढायचे. सत्तरीच्या आजीने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि आठवडाभरात पाठ केली. एखादा शब्द चुकला की स्वतःच थांबायची, "परत वाच गो."

पण मला सांगायचंय ते पाचव्या रहस्याबद्दल.

रोझरीत पाच रहस्यं, प्रत्येकाला दहा 'नमो मरिया'. घरी रोज तिन्हीसांजेच्या घंटेनंतर रोझरी व्हायची. आजी प्रत्येक रहस्य कुणासाठी तरी द्यायची. पहिलं गेलेल्यांसाठी, मग आजाऱ्यांसाठी, पोरांसाठी, गावासाठी. पाचवं मात्र शेजारच्या वाडीवाल्यासाठी. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरून त्या माणसाने आमच्या आजोबांना फार छळलं होतं. आजोबा गेले तेव्हा तो दारातही आला नाही. तरी त्याचं नाव ती मोठ्याने घ्यायची, आणि आम्हा सगळ्यांना त्या दहा मण्यांना उत्तर द्यावं लागायचं. माझे बाबा गप्प बसायचे. आजी त्यांच्याकडे बघत थांबायची, मग तेही म्हणायचे.

एकदा मी चिडून विचारलं, कशाला? ती म्हणाली, "नाव घेतलं नाही तर माझा राग मोठा होतो. मग तुम्हाला मी तोच राग वाटून देईन."

हे भोळेपण नाही. दिवसभर पाट्या वाहून आल्यावर ती रोज हे करायची आणि रोज तिला ते जड जायचं. त्या दहा मण्यांना तिचा आवाज बदलायचा. मी तिला टेकून बसायचे, मला कळायचं.

तिची जपमाळ आता माझ्याकडे आहे. क्रूस झिजून गुळगुळीत झालाय. आज रात्री मी एकटीच बसले होते. चार रहस्यं झाली. पाचव्याला कुणाचं नाव घ्यायचं हे मला ठाऊक होतं, पण बराच वेळ ते ओठांवर येईना. शेवटी घेतलं, अगदी हळू आवाजात.