कस्टडीची केस जिंकायचीये? मग पोराला कामाला लावा

घटस्फोट ठरला, फ्लॅट कोणाचा तेही ठरलं, गाडीवरून थोडी बाचाबाची झाली पण मिटलं. आता राहिलं पोर. ते गाडीसारखं कुणा एकाच्या नावावर होत नाही हीच सगळी कटकट, आणि कटकट कायद्यानेच करून ठेवलीये. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार मंजूर केला, मग जगातले जवळपास सगळे देश त्यात आले (अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली आणि पुढची मंजुरी दिलीच नाही, पण तिथल्या आईबापांनी हुरळून जाऊ नये, मुलाचं हित तिथली कोर्टंही बघतातच). आता कुठल्याही कोर्टात जा, एकच पालुपद, मुलाचं हित कशात आहे. अहो पण केस आपली आहे ना? वकिलाची फी आपण भरतोय ना?

तर पहिलं काम, त्या कराराचं कलम ९ वाचूच नका. त्यात म्हटलंय की आईबाप वेगळे झाले तरी दोघांना नियमित भेटायचा हक्क मुलाला आहे, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर. म्हणजे भेट ही तुम्ही समोरच्यावर केलेली मेहेरबानी नाही, हे एकदा डोक्यात शिरलं की लढायची मजाच गेली. त्यापेक्षा शनिवारी भेट असेल तर शुक्रवारी रात्रीच पोराला ताप आणायचा, थर्मामीटर वगैरे काही लागत नाही, 'अंग कोमट लागतंय' एवढा मेसेज बास. आणि भेट झालीच, पाचला आणून सोडायचं ठरलेलं असताना समोरचा पाच वाजून चार मिनिटांनी उगवला, तर दारातच फोटो काढायचा, मागचं घड्याळ दिसेल असा. मुलगी मध्येच उभी असेल, पाठीवर सॅक, एक बूट काढलेला, एक पायातच, आणि आज काय काय केलं ते सांगायला तोंड उघडलेलं. तिला म्हणा, बाळा जरा बाजूला हो, घड्याळ दिसत नाहीये.

मग येतं कलम १२. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यायचं. बऱ्याच ठिकाणी न्यायाधीश पोराला चेंबरमध्ये बोलावतात, काही देशांत तर त्याला वेगळा वकील मिळतो, म्हणजे बघा, घरात तिसरी पार्टी! म्हणून पढवून ठेवायचं. सात वर्षांचं पोर खुर्चीत पाय हलवत 'मला बाबांच्या सहवासात भावनिक असुरक्षितता जाणवते' असं एका दमात म्हणालं की काय इम्प्रेशन पडतं. फक्त असुरक्षितता म्हणजे काय बाळा असं विचारलं की गाडी अडते, आणि न्यायाधीश नेमकं तेच विचारतात, त्यांनी असली पोपटपंची ढिगाने ऐकलेली असते.

तेही जमलं नाही तर थेट अत्याचाराचा आरोप ठोकून द्या. खरोखर मारझोड होत असेल तर भेट थांबवायचा किंवा कुणाच्या देखरेखीखाली ठेवायचा अधिकार कोर्टाला आहेच, पण तो खऱ्या त्रासासाठी आहे म्हणून आपण का मागे राहायचं? आपल्यासारख्या दहाजणांनी असे आरोप करून ठेवले की अकराव्या घरातलं पोर खरंच रडत आलं तरी लोक म्हणतील, हं, कस्टडीची केस चालू असेल.

बाकी वड्याचं तेल वांग्यावर काढायला पोरासारखी सोय नाही. पार्टनर हाताशी नाही, पोर आहे. कलम १९ म्हणतं की आईबापांच्या ताब्यात असतानाही मुलाला शारीरिक, मानसिक हिंसेपासून सरकारने वाचवायचं. स्वीडनने तर त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, घरात मुलांना मारण्यावर बंदी आणली, असं करणारा तो पहिला देश, आणि लोकांना कळावं म्हणून ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली. म्हणजे सकाळी सकाळी पोरगं दूध पिता पिता तुमच्यासमोर कायदा वाचणार! काय दिवस आले.

पैशांचं सोप्पंय. भेट देत नाहीत ना, मग मेंटेनन्स बंद. तो खर्च मुलाचा असतो आणि भेटीशी त्याचा संबंध नाही असं बहुतेक ठिकाणी कोर्ट सांगतं, सांगू दे. पोराची फी थकली की समोरच्याची कशी जिरते बघा.

आणि अगदीच हरायची वेळ आली तर पोराला घेऊन परदेशी विमानात बसायचा विचार मनात येईल. येऊ दे, पण १९८० चा हेग करार आहे. दोन्ही देश त्यात असतील, पोर सोळाच्या आतलं असेल आणि वर्षाच्या आत अर्ज आला, तर थोडे अपवाद सोडून पोराला परत पाठवावंच लागतं. तिकीट रिटर्नच काढा, स्वस्त पडतं.

शेवटचं, उलटतपासणीची तयारी. समोरचा वकील हमखास विचारणार, मुलाच्या वर्गशिक्षकांचं नाव काय, त्याला ॲलर्जी कशाची आहे, जवळचा मित्र कोण. हे तुम्हाला माहीत असेल अशी कुणाची अपेक्षा नाही, केसमध्येच इतका वेळ जातो. तारखेच्या आदल्या रात्री पोराला झोपेतून उठवा, त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि पाठ करा.