शेळपट माणूस आणि हंस

मी शेळपट आहे, यावर आमच्या घरात एकमत आहे. खुर्चीला धडकलो तर मी खुर्चीला सॉरी म्हणतो. रांगेत कुणी मध्येच घुसलं, तर त्याला नीट उभं राहता यावं म्हणून जरा सरकून घेतो. अशा माणसाच्या हातात भाचीनं एक दिवस व्हिडिओ गेमचा कंट्रोलर कोंबला आणि म्हणाली, "मामा, आता तू शेळी."

"त्यात नवीन काय?" असं म्हणेपर्यंत पडद्यावर खरोखरच एक शेळी उभी राहिली. खेळाचं नाव 'गोट सिम्युलेटर'. मी आपला शेळीला शोभेल अशा बेतानं दोन पावलं चाललो. भाची वैतागली. "अरे, चालतोस काय? धडक मार!" मारली. कुंपण उडालं. नंतर टेबल उडालं, टेबलाशेजारचा माणूस उडाला. मग मला कळलं की या शेळीची जीभ दिसेल त्या वस्तूला चिकटते आणि ती वस्तू फरफटत नेता येते. 'शेळी जाते जिवानिशी' ही म्हण इथे लागू नाही. ही ट्रकखाली येते, चिंध्यांच्या बाहुलीसारखी हवेत भिरकावली जाते, उठते आणि काहीच न झाल्यासारखी पुढे निघते.

एकदा तिची मान भिंतीत अडकली आणि ताणली जाऊन रबरासारखी वळवळू लागली. मी घाबरून कंट्रोलर खाली ठेवला. बिघडवलं वाटतं! भाची म्हणाली, "मामा, ते तसंच असतं." आणि खरंच तसंच असतं. स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओजमध्ये हे प्रकरण मुळात गंमत म्हणून सुरू झालं. लोकांनी उचलून धरल्यावर त्यांनी १ एप्रिल २०१४ला, म्हणजे तारीख बघूनच, ते विकायला काढलं. खेळ बंद पाडणाऱ्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या, हसवणाऱ्या राहू दिल्या. पुढे २०२२मध्ये थेट तिसरा भाग आणला. दुसरा भाग काढलाच नाही. शेळीला हिशोब कोण विचारणार?

मला हे फार लागलं. माझ्या आयुष्यात चुका कमी नाहीत, पण त्या राहू द्याव्यात असं आजवर कुणीच सुचवलेलं नाही.

मग मी वाहवत गेलो. 'ऑक्टोडॅड' करून पाहिला. त्यात एक ऑक्टोपस सूट घालून, माणूस असल्याचं भासवत संसार करतो. त्याचा एकेक अवयव वेगळा हलवावा लागतो. घरातलं साधं काम करायला गेलो की दोन खुर्च्या पडत आणि तिसरी पायात अडकून बरोबर येई. बायको मागे उभी राहून बघत होती. "हे तर तू रोज करतोस," म्हणाली. तो खेळ मी तिथेच सोडला.

खरा नाद लागला तो हंसाचा. 'अनटायटल्ड गूस गेम', मेलबर्नच्या हाऊस हाऊस नावाच्या छोट्याशा चमूनं २०१९च्या सप्टेंबरात काढलेला. आपल्याकडे हंस म्हटलं की नीरक्षीरविवेक वगैरे डोळ्यांसमोर येतो. हा हंस दूध आणि पाणी दोन्ही सांडून ठेवेल. एका शांत, टापटीप इंग्लिश गावात तो शिरतो आणि लोकांना छळतो, बस्स. त्याच्यासाठी एक बटण चोचीत पकडायचं, एक मान खाली घालायचं, एक पंख पसरायचं (याचा काडीचा उपयोग नाही, पण पसरले की बरं वाटतं) आणि एक ओरडायचं. ओरडायच्या बटणावर माझा अंगठा आठवडाभर मुक्कामाला होता. मागे पियानो वाजत असतो, दब्यूसी या फ्रेंच संगीतकाराचा. आपण दबकत चाललो की दबकत वाजतो, माळी धावला की तोही धावतो.

हंसाला कामांची यादी दिलेली असते. त्यात एक काम आहे: माळ्याचं दंताळं तळ्यात टाकणे. वाचायला एक ओळ, पण माझे त्यात दोन तास गेले. दंताळं चोचीत धरलं की हंसाची चाल बदलते, ते लांबलचक लाकूड मागे फरफटत येतं आणि फाटकात आडवं अडकतं. अडकलं, की माळी येतो. तो दांडा धरतो, मी दात धरतो, ओढाताण होते, तो जिंकतो. मग तो दंताळं उचलून नेतो आणि होतं तिथेच नीट ठेवतो. शिव्या नाहीत, आदळआपट नाही. ठेवतो आणि पुन्हा कामाला लागतो.

तिसऱ्यांदा तो ते दंताळं जागेवर ठेवत होता, तेव्हा मी चपापलो. हा तर मी! दुसऱ्यांनी कुठेही टाकलेल्या वस्तू उचलून जागेवर ठेवणारा, कुणी टोपी पळवली तर दुसरी टोपी शोधणारा. मला त्या माळ्याची मनापासून कणव आली. पाच सेकंद. मग मी त्याच्या मागे जाऊन कर्कश ओरडलो, तो दचकला आणि मी दंताळं घेऊन पळालो. ते बुडताना बघून झालेला आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. यादीतल्या त्या ओळीवर आपोआप रेघ मारली गेली.

गोची इथेच झाली. आमच्या फ्रिजवरही एक यादी आहे. तिच्यात पहिल्या क्रमांकावर महिनाभर 'स्वयंपाकघरातला नळ' असं लिहिलेलं आहे. तो ठिबकतो. त्या रात्री मी हंसाकडून बागेतला नळ सोडवून माळ्याला भिजवत होतो. हेही यादीतलंच काम, कंटाळा करून कसं चालेल? तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"तिथला नळ सोडायला वेळ आहे," ती म्हणाली, "इथला बंद करायला नाही."

उत्तर नव्हतं. मी शेळपटपणे दुसरा कंट्रोलर पुढे केला. दोन हंसांची सोय २०२०पासून आहे, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. सरळमार्गी बाई, पाच मिनिटांत कंटाळून उठेल आणि माझी सुटका होईल, असा माझा हिशोब.

तिनं आधी दोन मिनिटं नुसती पाहणी केली. माळी कुठून कुठे जातो, कधी वाकतो, कधी पाठ करतो. मग हुकूम सुटला. "तू समोर जाऊन ओरड. मी मागून टोपी घेते." मी ओरडलो, तिनं घेतली. माझे जिथे दोन तास गेले, तिथे तिनं दहा मिनिटांत अर्धी बाग तळ्यात नेली. वर मलाच ऐकवलं, "फाटकात आडवं का नेतोस? सरळ धर की!"

एक वाजला. आम्ही दोघं बाकाआड मान खाली घालून बसलो होतो. माळी जवळ येत होता, पियानो अगदी हळू झाला होता. त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला. टप्. टप्.

"ऐकलंस?" मी म्हणालो.

"हो ना," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आवाज वाढव जरा."