शंभर वर्षं झाली म्हणून परवाना सुटत नाही

चतुर्थीआधी घरोघरी माळे झाडायला काढले की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला, त्यांतले दोघे माझेच भाचे. थोडक्यात असा: गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कच्या आरमारातली रिव्हॉल्व्हर पडून आहेत, जहाजाची किंवा नांगराची खूण दिसली की ते नौदलाचं समजा, शंभर वर्षांवरच्या हत्याराला परवाना लागत नाही, घासून लख्ख करा आणि परदेशी संग्राहकाला लाखोंत विका.

आल्बुकेर्कचं लगेच निपटतं. त्याने गोवा घेतला १५१० मध्ये, वारला १५१५ मध्ये. सॅम्युअल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं पेटंट मिळालं १८३६ मध्ये. यावर कुणी म्हणतं, माणूस नव्हे हो, त्या नावाची युद्धनौका! ती खरीच होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात बेतवा आणि बियास या आपल्या नौकांशी तिची झुंज झाली आणि शेवटी ती किनाऱ्याला रुतली. पण पोर्तुगीज नौदलाने १९१० सालीच लुगर पिस्तूल स्वीकारलं होतं, आणि ते रिव्हॉल्व्हर नव्हे: त्याला फिरता सिलिंडर नसतो, गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमधून येतात. रिव्हॉल्व्हरचा जमाना तोवर मागे पडत चालला होता.

आता खुणा. मजकुरासोबतच्या फोटोत सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली दिसते. ते कोल्टचं १८५१ चं ‘नेव्ही’ मॉडेल. कोरलेली लढाई कांपेचेची, १८४३ ची, टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी केलेली. नाव नेव्ही असलं तरी ते वापरणारे बहुतेक खुष्कीवरचेच होते, आणि पोर्तुगिजांचा त्या चित्राशी काही संबंध नाही. शिवाय इटलीत त्याच्या हुबेहूब नकला आजही बनतात.

गोव्यातल्या माळ्यावर खरोखर काही सापडलंच तर ते अबादी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पोर्तुगीज लष्कराने हे बेल्जियन रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांसाठी १८७८ मध्ये आणि घोडेस्वारांसाठी १८८६ मध्ये घेतलं. म्हणजे १८९५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राणे घराण्याचं बंड पेटलं तेव्हा हे हत्यार चलनात होतं. सत्तरीतच, माझ्या मावशीच्या सासरी, एक मी जवळून पाहिलंय. सिलिंडरमध्ये काडतुसांची सहा घरं, मुठीच्या बुडाला दोरी ओवायची कडी, आणि गंजाखाली अंडाकृती चौकटीत बेल्जियममधल्या लिएज शहराच्या बंदूक-चाचणीगृहाचा ठसा. उजव्या बाजूला काडतूस भरायची झाकणी असते. ती उघडली की चाप ओढूनही घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा हातोडा, पडत नाही, नुसता सिलिंडर फिरतो आणि एकेक घर झाकणीसमोर येतं. मोठी हुशारीची योजना. नांगर मात्र कुठेच नव्हता. हत्यार लष्कराचं, नौदलाचं नव्हे.

सगळ्यात घातक थाप परवान्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या हत्यारांना सूट देतं हे खरं, पण अट वाचा: ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. वयाचा आकडा तिथे नाहीच. गंजून चाप अडकलाय एवढ्याने भागत नाही, कारण कसबी कारागीर तो सोडवू शकतो. ‘त्याची काडतुसं आता मिळतात कुठे?’ हा युक्तिवादही मी ऐकलाय. कलमात काडतुसांचा उल्लेख नाही. उलट पेटीत दोन जिवंत काडतुसं निघाली तर तो आणखी वेगळा गुन्हा. मग हा समज आला कुठून? अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या हत्यारांना केंद्रीय कायद्यात सवलत आहे. इंटरनेटवर ते वाचून कुणीतरी इथे चिकटवलं असावं, असा माझा कयास.

मावशीच्या थोरल्या दिरांनी ते अबादी पोलीस ठाण्यात जमा केलं. पावतीसाठी तीन खेपा पडल्या, कबूल. पण शस्त्र कायद्याच्याच कलम २१ प्रमाणे विनाविलंब जमा करायचंच असतं, आणि पुढे परवाना मिळाला तर परत मागता येतं.

घासायचं तर नावच नको. आमच्याकडे समई चिंचेने घासतात तसं कुणी हे घासलं की मूळ मुलामा जातो, ठसे पुसट होतात, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या ठशांसाठीच.

राहिली परदेशी विक्री. शंभर वर्षांचा आकडा आपल्या कायद्यात आहे, पण तो १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात, आणि तिथे तो सूट देत नाही, बांधून ठेवतो. तेवढी जुनी वस्तू पुरावस्तू ठरली की तिची निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. परवान्याच्या भानगडीतून सुटलात तरी इथे अडकलात.

हे सगळं दोन्ही भाच्यांना लिहून पाठवलं. एकाने नुसता अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, ‘मामा, मग तलवारीचं काय?’